बाळंतविडा, बाहुली आणि बासन : घरगुती भेटवस्तूंच्या इतिहासाचीं साधनें

इतिहाससाधनांचा विचार करितांना आपली दृष्टि सामान्यतः कागद, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं यांवर स्थिरावते, आणि तें योग्यच आहे. तथापि घरांतील माणसांनीं आपल्याच माणसांसाठीं हातानें केलेल्या वस्तु, म्हणजे नातवाचें टोपडें, भाचीची चिंध्यांची बाहुली, बाळंतविड्यांतील कुंची व दुपटें, लेकीच्या रुखवतांतील विणकाम, यांचा इतिहास कशाच्या आधारें लिहावा, हा प्रश्न आपल्या मंडळींत फारसा चर्चिला गेलेला नाहीं. जालना जिल्हा समोर ठेवून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. आमचें प्रतिपाद्य एवढेंच कीं, दप्तरांत या वस्तु आढळत नाहींत याचें कारण त्या क्षुल्लक होत्या हें नसून त्यांना पैका पडला नाहीं हें होय. आणि त्यांचा जो पुरावा अद्याप उरला आहे तो पुष्कळ अंशीं आपणां संग्राहकांच्याच हातांत आहे.

प्रथम ग्रंथांतरींची साक्ष पाहूं. मातांनीं पुत्रासाठीं वस्त्र विणावें ही कल्पना ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांतील ४७ व्या सूक्तांत उपमानरूपानें आलेली आहे. जी गोष्ट घरोघर दिसत असे तीच ऋषीनें उपमेस घेतली असली पाहिजे. ज्या ‘वे’ धातूचें रूप तेथें आलें आहे त्याच्याच कुळांत आपलें ‘विणणें’ हें क्रियापद बसतें. अमरकोशांत बाहुलीस ‘पाञ्चालिका’ व ‘पुत्रिका’ असे शब्द देऊन ती वस्त्र, हस्तिदंत इत्यादिकांची केलेली असते असें सांगितलें आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, मुलींस द्यावयाच्या बाहुल्यांचीं द्रव्यें मोजलीं आहेत. त्यांत सूत, लांकूड, म्हशीचें शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती इतक्यांचा निर्देश आहे. सुताची बाहुली त्या यादींत आरंभींच आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

महाभारताच्या विराटपर्वांतील प्रसंग सर्वांस विदितच आहे. गोग्रहणाच्या युद्धास निघालेल्या बृहन्नडेस उत्तरा व तिच्या सख्या सांगतात कीं, आम्हांस बाहुल्यांसाठीं रंगीबेरंगी तलम वस्त्रें आण. पुढें कौरववीर मोहित होऊन पडले असतां द्रोण व कृप यांचीं शुभ्र, कर्णाचें पीत आणि अश्वत्थामा व दुर्योधन यांचीं नील वस्त्रें काढून घेतलीं जातात, व तीं उत्तरेस मिळतात. युद्धाचें वर्णन कवीनें अनेक अध्यायांत केलें. त्या वस्त्रांच्या बाहुल्या कशा झाल्या याविषयीं मात्र तो मौन धरितो. या विषयाचा पुढील सर्व इतिहास असाच आहे.

आतां भोकरदनाकडे वळूं. केळणा नदीवरील हें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील लोकांनीं दिलेलीं दानें सांची व भारहुत येथील लेखांत गांवाच्या नांवासह कोरलेलीं आहेत. सांचीच्या दानलेखांत तर स्त्रियांचीं नांवेंही विपुल आहेत. इ. स. १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनीं मिळून भोकरदन येथें उत्खनन केलें, आणि डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांचा त्याविषयींचा ग्रंथ १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या उत्खननांत सातवाहनकालीन मृण्मय मूर्ति आणि स्त्रीमूर्तीचा एक भग्न हस्तिदंती भाग मिळाला. इटलींतील पाँपेई येथें १९३८ मध्यें सांपडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं त्याचें विलक्षण साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, त्यामुळें कालनिर्णयासही हें साम्य उपयोगी पडतें. ती मूर्ति खेळणें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु अमरानें पुत्रिकेचीं जीं दोन द्रव्यें नांवानें सांगितलीं, त्यांपैकीं दंत भोकरदनाच्या मातींत टिकला आणि वस्त्र टिकलें नाहीं. उत्खननांत जें मिळतें तें त्या काळचें सर्वस्व नव्हे, तर मातीनें जें परत दिलें तेवढेंच होय.

क्वचित् माती सूतही परत देते. जुन्या अहमदनगर, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें डॉ. सांकळिया प्रभृतींनीं १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन केलें. तेथें ताम्रपाषाणयुगीन दफनांत एका बालकाच्या गळ्याशीं तांब्याचे मणी मिळाले, आणि मण्यांत ओंवलेल्या धाग्याचे अवशेषही मिळाले. त्यांच्या परीक्षणांत रेशीम व कापूस आढळला. तीन सहस्र वर्षांहून जुना हा धागा तांब्याच्या सान्निध्यामुळें वांचला. लेकराच्या गळ्यांत कोणीं तरी हातानें ओंवून घातलेल्या माळेचा हा पुरावा आहे. तांबें नसतें तर तोही राहता ना.

येथें कोणी म्हणेल, प्राचीन काळचें असो, मराठेशाहीच्या दप्तरांत तरी या वस्तु दिसावयास हव्या होत्या. दप्तरांत वस्त्रें दिसतात. पण तीं पोषाख, शेले, पागोटीं, खण व लुगडीं अशा विकत घेतलेल्या किंवा बहुमानानें दिलेल्या वस्त्रांच्या रूपानें. जमाखर्चाची कलम खर्चापासून उत्पन्न होते. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी झाली, उरलेल्या चिंध्यांची बाहुली झाली, तेथें कारकुनानें काय लिहावें? दोरा घरचा, हात घरचा, आणि वेळ दुपारचा. अतएव दप्तराचें मौन हें अभावाचें प्रमाण मानतां येत नाहीं. याच जिल्ह्यांत केळणेच्या परिसरांत असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झालेल्या लढाईचे कागद उभय पक्षांकडून छापले गेले आहेत. त्या वर्षीं त्याच गांवांत जन्मलेल्या मुलाच्या कुंचीस कागद कोठून असणार?

वाङ्मयाचाही पक्षपात पाहण्यासारखा आहे. चिंध्या जोडून केलेल्या कंथेचा उल्लेख भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत आहे. पण ती विरक्ताची कंथा. तोच प्रकार घरांत वाकळ किंवा गोधडी होऊन बाळाखालीं अंथरला जातो. जीर्ण वस्त्राचे थर लावून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत नेण्याची ही रीत मराठवाड्यांत सर्वत्र परिचित आहे. संन्याशाची कंथा साहित्यांत पूज्य झाली, बाळाची गोधडी धुण्यांत विरून गेली.

लोकरीच्या विणकामाची कथा अर्वाचीन आहे. दोन सुयांवर टांके चढवून विणण्याची कला आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत मुख्यत्वें युरोपीय स्त्रिया, मिशनें व मुलींच्या शाळा यांच्या द्वारें रुजली. ‘क्रोशा’, ‘स्वेटर’, ‘मफलर’ हे शब्दच तिच्या आगमनाची वाट दाखवितात. जुन्या ‘विणणें’ या क्रियापदानें खाट, जाळें व टोपली यांप्रमाणें हीही नवी क्रिया आपल्या पोटांत घेतली. जालन्यास १९०३ पर्यंत लष्करी छावणी होती, आणि रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं जवळच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली होती. मिशनचे अहवाल व शाळांचे तपासणीचे शेरे या दृष्टीनें चाळण्यासारखे आहेत. लोकरीचा एक विशेष असा कीं, थोरल्याचा स्वेटर उसवून त्याच लोकरीचा धाकट्यास विणतां येतो, आणि उरल्या गुंड्याचा ससा किंवा हत्ती होतो. वस्त्र जीर्ण होऊन नाहींसें होतें. लोकरीची वस्तु नव्या भेटीसाठीं जाणूनबुजून मोडली जाते. त्यामुळें ज्यांत प्रेम अधिक त्याचाच माग लवकर पुसला जातो.

आतां संग्राहकांस उद्देशून. आपण ज्यास पोथी म्हणून घरीं आणितों, ती बहुधा एका बासनांत बांधलेली असते. तें बासन पुष्कळदां घरांतल्याच कोणा स्त्रीच्या लुगड्याचें, खणाचें किंवा ठिगळें जोडून केलेलें असतें. पेशवे दप्तरांत तर कागदांच्या गठ्ठ्यास ‘रुमाल’ हीच संज्ञा आहे. वस्त्राचें नांव कागदास चिकटलें आणि वस्त्र विसरलें गेलें. आपण पोथीवर क्रमांक घालतों आणि मळकें बासन टाकून देतों. पोथीची दुसरी प्रत अन्यत्र मिळूं शकेल. त्या बासनाची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.

म्हणून तीन सूचना करितों. बासनास पोथीचाच क्रमांक देऊन तें वेगळें, न धुतां, स्वच्छ कोऱ्या सुती कापडांत गुंडाळून ठेवावें, आणि त्याचें मोजमाप, वीण व टांके सूचींत नोंदवावे. ज्या घरून पोथी मिळाली त्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीस पेटींतील झबलें, कुंची, बाहुली दाखविण्याची विनंति करून ती कोणीं केली, कोणासाठीं, कोणत्या प्रसंगीं आणि कोणाच्या लुगड्याची, हे चार प्रश्न विचारून उत्तरें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावीं. आणि वस्तु मागूं नये. ती त्या घराचीच असूं द्यावी, आपण नोंद व छायाचित्र घेऊन यावें.

भोगवर्धनाच्या दात्यांचीं नांवें दोन सहस्र वर्षें दगडावर टिकलीं. टोपडें विणणाऱ्या आजीचें नांव तिच्या नातवंडांपलीकडे जात नाहीं. ज्या घरांतून आपण पोथ्या आणितों त्या घरांत तीं नातवंडें आज वृद्ध होऊन बसलीं आहेत. त्यांस विचारण्याचें काम येत्या कांहीं वर्षांतच होण्यासारखें आहे. तें सभासदांनीं मनावर घ्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.