कन्व्हर्टिबल मोटारीच्या सांगाड्याचे दृढीकरण

छत उघडता येणाऱ्या, म्हणजेच कन्व्हर्टिबल प्रकारच्या जुन्या मोटारीचा सांगाडा चालताना वाकू अथवा पिळला जाऊ नये, यासाठी त्यात केलेली दुरुस्ती आणि घातलेले जादा आधार यांस सांगाड्याचे दृढीकरण असे म्हणतात. बंद मोटारीचे छत हे केवळ ऊन-पावसापासूनचा आडोसा नसते. समोरच्या काचेचे खांब, छत, मागील खांब आणि तळ मिळून एक बंद पेटी तयार होते व ती रस्त्याचे धक्के सर्व बाजूंनी वाटून घेते. छत नसलेल्या मोटारीत हा सारा भार तळाकडील भागांवर येतो. हे भाग गंजले की मोटारीची दृढता वेगाने घटते. म्हणून दृढीकरणाचा मुख्य भाग नवे लोखंड चढविणे हा नसून, तुटलेल्या किंवा गंजलेल्या बंद पेट्या पुन्हा बंद करणे हा आहे.

यामिकीय तत्त्व

सांगाड्यावर मुख्यतः दोन प्रकारचे बल कार्य करते. प्रवासी, इंजिन व सामान यांच्या वजनामुळे सांगाडा मध्यभागी खाली वाकू पाहतो. यास वाक म्हणतात. एक चाक खड्ड्यात गेले व दुसरे वर राहिले की सांगाड्याचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या तुलनेत फिरू पाहते. यास पीळ म्हणतात. छत काढल्याने दोन्ही प्रतिकार कमी होतात, परंतु पिळाचा प्रतिकार अधिक प्रमाणात घटतो.

याचे कारण मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरून समजते. झाकण चिकटवून बंद केलेला खोका दोन्ही हातांनी पिळून पाहिल्यास तो सहजासहजी पिळला जात नाही. झाकण काढल्यावर तोच पुठ्ठा, त्याच जाडीचा असूनही, चटकन पिळला जातो. पातळ पत्र्याच्या नळीलाही हेच लागू पडते. २५ मिमी त्रिज्येच्या व १ मिमी जाडीच्या पत्र्याच्या नळीस लांबीच्या दिशेने एकच उभी चीर दिली, तर तिची पिळाविरुद्धची दृढता सुमारे १,९०० पटींनी कमी होते. चीर देताना वजन जवळजवळ घटत नाही. बंद आकार मात्र नाहीसा होतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, बंद नळीच्या पत्र्याची जाडी दुप्पट केल्यास पिळाविरुद्धची दृढता दुप्पट होते. पण जाडी तीच ठेवून नळीची त्रिज्या दुप्पट केल्यास, तेवढेच वजन वाढूनही, दृढता आठपट होते. म्हणजे जाडीपेक्षा आकाराने वेढलेले क्षेत्र महत्त्वाचे ठरते. दुसरा, दृढता आणि मजबुती हे भिन्न गुण आहेत. साध्या पोलादाचा व उच्च मजबुतीच्या पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. त्यामुळे केवळ अधिक मजबूत पोलाद वापरल्याने सांगाडा अधिक दृढ होत नाही. तो फक्त अधिक भार आल्यावर तुटतो.

रचनेचे प्रकार

दृढीकरण कोठे व किती करावे, हे मोटारीच्या मूळ रचनेवर अवलंबून असते.

स्वतंत्र चासीची मोटार: १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या ट्रायम्फ हेराल्डमध्ये बॉडी स्वतंत्र पोलादी चासीवर बसविलेली होती. मुख्य भार चासी पेलत असल्याने याच मोटारीची उघड्या छताची आवृत्ती काढणे सोपे गेले. भारतात मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने हीच मोटार ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार केली. हेराल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी मोटार तयार झाली. तीत चासीच्या दोन्ही कडांच्या तुळया वगळून फक्त मधला कणा ठेवण्यात आला. परिणामी दारांखालच्या पोकळ तुळयांवर, ज्यांना सिल म्हणतात, अधिक भार आला. दिसायला स्वतंत्र चासी असली तरी स्पिटफायरची सिल गंजली की मोटारीचा आधारच जातो.

कण्याची चासी: १९६२ च्या लोटस एलान या उघड्या मोटारीची बॉडी फायबरग्लासची होती. भार पेलण्यासाठी तिच्या मध्यभागातून पत्रा दुमडून केलेला पेटीसारखा पोलादी कणा नेला होता व त्याची दोन्ही टोके निलंबनाच्या आधारासाठी दुभंगलेली होती. बंद आकाराच्या पेटीचे तत्त्व येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

एकसंध बॉडीची मोटार: १९६२ च्या एमजीबी या मोटारीत स्वतंत्र चासी नाही. तिची सिल बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा अशा थरांची असते. बाहेरचा पत्रा चकचकीत असूनही मधला पडदा गंजून गेलेला असू शकतो.

बंद मोटारीवरून केलेली उघडी मोटार: जर्मनीतील ओस्नाब्रुक येथील कारमान कंपनीने १९४९ पासून फोक्सवागन बीटलची उघडी आवृत्ती तयार केली. तीत दारांखाली जादा तुळया घालाव्या लागल्या व ती बंद मोटारीपेक्षा जड झाली. अमेरिकेतील फोर्ड मस्टँगच्या १९६४ च्या उघड्या आवृत्तीतही सिल व तळ यांस जादा आधार दिलेले होते.

नळ्यांचा सांगाडा: मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएल या १९५४ च्या बंद मोटारीत बारीक नळ्यांचा त्रिकोणी जाळीचा सांगाडा होता. दृढतेसाठी तो दारांखाली इतका उंच नेला होता, की दारे वरच्या दिशेने उघडणारी करावी लागली. १९५७ च्या उघड्या आवृत्तीत नेहमीची दारे देण्यासाठी बाजूच्या नळ्या खाली घेतल्या गेल्या आणि गेलेली दृढता इतरत्र आधार देऊन भरून काढण्यात आली.

दुबळेपणाची लक्षणे

• खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्ड, सुकाणूचा दांडा व समोरच्या काचेची चौकट एकत्र थरथरतात.
• मोटारीचे एक टोक जॅकने उचलल्यावर दाराची फट कमीजास्त होते किंवा दार उघडेनासे होते.
• दाराच्या वरच्या कडेची फट खालच्या कडेपेक्षा अरुंद दिसते. मोटार मध्यभागी खचल्याचे हे चिन्ह असते.
• दाराच्या खांबापाशी रंगाला तडे जातात. काचेच्या कोपऱ्यात चीर पडते.

थरथर थांबविणे आणि दृढता वाढविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६० च्या दशकातील शेव्हरोले कॉर्व्हेरच्या उघड्या आवृत्तीत मोटारीच्या कोपऱ्यांत स्प्रिंगवर टांगलेली वजने बसविलेली असत. ती थरथरीची ऊर्जा शोषून घेत. सांगाडा मात्र त्यांमुळे अधिक दृढ होत नसे.

मोजमाप

पिळाविरुद्धची दृढता न्यूटन-मीटर प्रति अंश या एककात सांगतात. मापनासाठी सांगाडा मागील निलंबनाच्या बिंदूंवर घट्ट बसवितात आणि पुढील बिंदूंवर एका बाजूस वर व दुसऱ्या बाजूस तेवढेच बल खाली देतात. उदाहरणार्थ, परस्परांपासून १.२ मीटर अंतरावरील दोन बिंदूंवर प्रत्येकी १,००० न्यूटन बल दिल्यास १,२०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. त्याने पुढचे टोक ०.४ अंश फिरले, तर दृढता ३,००० न्यूटन-मीटर प्रति अंश झाली. या उदाहरणात प्रत्येक बिंदू सुमारे ४ मिमी वर किंवा खाली सरकतो; हे अंतर डायल गेजने सहज मोजता येते. कामापूर्वी व कामानंतर एकाच पद्धतीने घेतलेली मापे ताडून पाहिल्याशिवाय सुधारणा झाली की नाही हे सांगता येत नाही.

कार्यपद्धती

१. तपासणी: गालिचे, आसने व तळाचे आवरण काढून पत्रा उघडा करतात. बोथट टोकाच्या हत्याराने दाबून किंवा हलके ठोकून गंजाचा शोध घेतात. सिलच्या आतील पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजलेली आहेत का, हे पाहतात.

२. आधार: मोटार निलंबनाच्या बिंदूंपाशी पक्क्या आधारांवर समतल ठेवतात. दाराच्या पुढील व मागील खांबांमध्ये तात्पुरत्या पोलादी दांड्या जोडून फट कायम राखतात. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. उघड्या मोटारीची सिल आधाराविना कापल्यास सांगाडा मध्यभागी खचतो आणि त्याच स्थितीत नवा पत्रा जोडला गेल्यास वाक कायमचा होतो.

३. गंजलेल्या भागांची दुरुस्ती: एका वेळी एकच बाजू उघडतात. गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ न लावता चांगल्या पत्र्यापर्यंत कापून मूळ आकाराचा नवा भाग जोडतात. सिलमधील उभा पडदा वगळून फक्त बाहेरचा पत्रा बदलल्यास दुरुस्ती दिखाऊ ठरते.

४. जादा आधार: मूळ रचना पूर्ववत झाल्यावरही आवश्यकता असल्यासच ही पायरी घेतात. आसनांखाली एका सिलपासून दुसऱ्या सिलपर्यंत आडवी पेटी-तुळई, तळाखाली फुलीच्या आकाराचे कर्ण-आधार, गिअरपेटीवरील बोगद्याचा खालचा उघडा भाग बंद करणारी पट्टी, डॅशबोर्डखाली खांबांना जोडणारे त्रिकोणी पत्रे आणि आसनांमागील आडवी भिंत हे नेहमीचे उपाय होत.

५. गंजरोधन: वेल्डिंगमुळे आतील बाजूचा रंग जळतो. म्हणून पोकळीत गंजरोधक मेण फवारतात व पाण्याची छिद्रे मोकळी ठेवतात.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी तोडणे आणि इंधनाची टाकी व नळ्या दूर करणे अत्यावश्यक असते. रिकाम्या टाकीतील वाफही पेट घेऊ शकते.

नेहमीच्या चुका

आधार जेथे संपतो तेथे दृढता एकदम बदलते व ताण एकवटतो. जाड तुळई पातळ पत्र्यावर अचानक थांबविल्यास काही काळाने तिच्या टोकाशी तडा जातो. म्हणून आधाराची टोके निमुळती करून निलंबन, खांब किंवा आडवी तुळई अशा भक्कम भागापर्यंत नेतात. कर्णाऐवजी केवळ समांतर दांड्या बसविणे ही दुसरी चूक होय. चौकोन तिरपा होऊ शकतो, त्रिकोण होत नाही.

सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे बंद मोटारीचे छत कापून तिला उघडी करणे. मॉरिस मायनरसारखी मोटार १९४८ पासून बंद व उघड्या अशा दोन्ही रूपांत मिळत असे, त्यामुळे असे रूपांतर करण्याचा मोह होतो. कारखान्यातील उघड्या आवृत्तीचे जादा आधार न घालता केवळ छत कापलेली मोटार मूळ उघड्या मोटारीसारखी दिसते, परंतु तिच्याइतकी सुरक्षित नसते.

मर्यादा

दृढ झालेला सांगाडा निलंबनाला नीट काम करू देतो, दारे जागच्या जागी राहतात व पत्र्याला तडे कमी जातात. मात्र मोटार उलटल्यास प्रवाशांच्या डोक्याचे रक्षण तळातील आधार करू शकत नाहीत; त्यासाठी वेगळी संरक्षक कमान लागते. तसेच प्रत्येक जादा किलोग्रॅम ब्रेक, स्प्रिंग व टायर यांवर भार टाकतो.

मौलिकता आणि कायदा

जुन्या वाहनांच्या जतनाविषयी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने तुरिन सनद स्वीकारली आहे. वाहनात करावे लागणारे बदल मूळ रचनेस व रूपास धरून असावेत आणि शक्यतो पूर्ववत करता यावेत, अशी तिची भूमिका आहे. त्यामुळे नटबोल्टने बसविता व काढता येणाऱ्या आधारांना संग्राहक प्राधान्य देतात.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते व त्यांच्या क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी फेरदुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. मूळ आकाराचा गंजलेला भाग बदलणे आणि नवी रचना जोडणे यांतील भेद म्हणून केवळ तांत्रिक राहत नाही. कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व मापे जपून ठेवल्यास हा भेद पुढे दाखवून देता येतो.