तळाच्या संघाचं हेल्मेट

पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉलचा व्यावसायिक संघ १९५२ च्या हंगामात १५४ सामने खेळला आणि त्यातले ११२ हरला. नॅशनल लीगच्या आठ संघांत तो आठवा आला, पहिल्या आलेल्या ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेचोपन्न सामने मागे. संघात नुकती मिसरूड फुटलेली पोरं भरली होती. चांगले तरुण हाती लागले की कोरियाच्या युद्धासाठी लष्कर त्यांना बोलावून घेई. राल्फ काइनर हा एकच मोठा फलंदाज, ज्याच्यापुढे लीगमधल्या होमरनच्या, म्हणजे षटकारासारख्या फटक्यांच्या, यादीत सलग सात हंगाम कोणी गेलं नव्हतं. बाकी सगळा आनंदच होता.

बॅटिंग हेल्मेटला खेळात हक्काची जागा मिळाली ती या संघामुळे. डोक्यावर काहीतरी कडक घालून चेंडूला सामोरं जावं ही कल्पना त्याआधी पन्नासेक वर्षं घिरट्या घालत होती. ती दर वेळी का मेली आणि पिट्सबर्गात का जगली, हा या कुळकथेतला खरा प्रश्न आहे.

बेसबॉलमधला गोलंदाज, म्हणजे पिचर, फलंदाजापासून साडेसाठ फुटांवर उभा असतो. त्यानं ताशी नव्वद मैलांनी फेकलेला चेंडू जेमतेम चार दशांश सेकंदात येऊन पोचतो, तोही टप्पा न पडता. चेंडूचं वजन पाच औंसांच्या थोडं वर. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलंडचा रे चॅपमन फलंदाजीला उभा असताना यांकीज संघाच्या कार्ल मेजचा चेंडू त्याच्या कपाळाशेजारी आदळला. मेज हात जमिनीलगत आणून चेंडू फेकत असे. आवाज इतका टणक झाला, की चेंडू बॅटला लागला असं समजून मेजनं तो उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, सामन्यात चेंडू लागून जीव गमावलेला तो एकमेव खेळाडू.

यानंतर खेळाच्या धुरीणांनी काय केलं? मळलेला, नीट न दिसणारा चेंडू बदलून नवा पांढरा द्यावा, अशी ताकीद पंचांना मिळाली. उपाय चांगलाच होता. पण डोकं उघडंच राहिलं, आणि पुढची तीस वर्षं राहिलं. मला ही गोष्ट चॅपमनच्या मृत्यूइतकीच अस्वस्थ करते.

साधनं नव्हती असं नाही. १९०५ मध्येच हवा भरून फुगवायच्या शिरोरक्षकाचं पेटंट निघालं होतं. १९०७ मध्ये डोक्याला चेंडू लागून बेशुद्ध पडलेल्या रॉजर ब्रेस्नहननं ते वापरून पाहिलं. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये नुआर्क ईगल्सच्या विली वेल्सनं बांधकामावरच्या मजुराची कडक टोपी चढवून फलंदाजी केली. १९३७ मध्ये डेट्रॉइटचा खेळाडू-व्यवस्थापक मिकी कॉक्रन चेंडू लागून कोसळला आणि त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द तिथंच संपली. तेव्हा पुन्हा चार दिवस चर्चा झाली. १९४० मध्ये ब्रुकलिनच्या जो मेडविक आणि पी वी रीझ या दोघांना एकाच महिन्यात डोक्याला मार लागला. डॉजर्सचे प्रमुख लॅरी मॅकफेल बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे गेले. मेंदूचे नामांकित शल्यविशारद वॉल्टर डँडी आणि अस्थितज्ज्ञ जॉर्ज बेनेट यांनी कापडी टोपीच्या आतल्या कप्प्यांत सरकवायच्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या तयार केल्या. १९४१ मध्ये डॉजर्सनी त्या वापरल्या.

त्या पट्ट्यांचा मोठा गुण कोणता मानला जात होता? बाहेरून त्या दिसत नसत. म्हणजे अडचण वजनाची किंवा उकाड्याची फारशी नव्हती, लाजेची होती. डोकं झाकणारा फलंदाज घाबरट, हे सगळ्या मैदानानं मनोमन ठरवून टाकलं होतं. घाबरवणं हे पिचरचं हत्यारच होतं. डोक्याच्या रोखानं चेंडू टाकून फलंदाजाला मागे रेटायचं आणि पुढचा चेंडू बाहेरच्या कडेला टाकायचा. अशा मैदानावर एकट्यादुकट्यानं कडक टोपी घालून जायचं म्हणजे माझी भीती इथं आहे असं बोट दाखवून सांगण्यासारखं होतं.

१९५० च्या अखेरीला ब्रँच रिकी पिट्सबर्गला जनरल मॅनेजर म्हणून आले. मॅकफेलनंतर ब्रुकलिनचा कारभार त्यांच्याकडेच होता, आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला डॉजर्सतर्फे उतरवून त्यांनीच मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडली होती. हट्टी, धर्मनिष्ठ आणि पैशाला चिकट माणूस. काइनरनं पगार वाढवून मागितला तेव्हा, तू असताना आपण शेवटचे आलो, तू नसतानाही शेवटचे येऊ शकतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५३ च्या जूनमध्ये त्यांनी काइनरला शिकागो कब्जला देऊन टाकलंही.

रिकींनी हेल्मेटचं काम आपले सहकारी चार्ली म्यूज यांच्याकडे सोपवलं. राल्फ डेव्हिया हे रचनाकार आणि एड क्रिक हे अभियंते त्यांच्या जोडीला होते. नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. पिट्सबर्ग हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर, आणि कडक टोपी घालून खाणीत उतरणारे कामगार त्या परिसरात घरोघरी होते. कामगारांची ही टोपीही फार जुनी नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीनं १९१९ मध्ये वाफवलेलं कॅनव्हास, सरस आणि काळा रंग वापरून ती बाजारात आणली. १९३३ मध्ये गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं तेव्हा तिथं ती सक्तीची होती. म्यूज यांच्या चमूनं हाच घाट घेतला, पुढे टोपीची झाप ठेवली आणि कवच फायबरग्लास व पॉलिएस्टर राळेचं केलं. हे साहित्य हलकं होतं, साच्यात ओतता येत होतं आणि आघात एका जागी न साठवता पसरवत होतं. उत्पादनासाठी अमेरिकन बेसबॉल कॅप नावाची कंपनी निघाली. तीत रिकींचे स्वतःचे शेअर होते.

या शेअरांवरून एक प्रश्न उभा राहतो. खेळाडूंची काळजी की धंदा, असा तो. मला वाटतं, दोन्ही. आणि दोन्ही असल्यामुळेच काम तडीला गेलं. डँडी-बेनेटच्या पट्ट्यांमागे विद्वत्ता होती, पण त्या विकल्या जाव्यात म्हणून झटणारं कोणी नव्हतं.

१९५२ च्या हंगामाच्या अखेरीस पायरेट्सच्या डोक्यावर ही हेल्मेटं दिसू लागली आणि १९५३ मध्ये रिकींनी फर्मान काढलं: सगळ्यांनी घालायची, नुसती फलंदाजीला नव्हे, क्षेत्ररक्षणालाही. नऊच्या नऊ जण खाणकामगारासारखे मैदानात उभे! प्रेक्षकांना करमणूकच झाली. यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर जो गॅराजिओला तेव्हा संघात होता. गॅलरीतली पोरं आमच्या हेल्मेटांवर गोट्या मारत, असं तो पुढे सांगत असे. काही आठवड्यांतच क्षेत्ररक्षणातली हेल्मेटं गळाली. संघ त्या वर्षी १०४ सामने हरून पुन्हा तळालाच राहिला. फलंदाजीची हेल्मेटं मात्र टिकली.

ती टिकली कारण ती पंचवीस जणांनी एकदम घातली. एकट्यानं घातली असती तर तो भित्रा ठरला असता. वरून हुकूम आल्यावर घाबरट कोण हा प्रश्नच उरला नाही. हा हुकूम तळाच्या संघातच निघू शकला, असंही मला वाटतं. ११२ सामने हरलेल्या संघाला आणखी हसं होण्याची काय भीती? जिंकणाऱ्या संघाच्या नामवंत खेळाडूंनी रिकींना दाद दिली नसती. वीस वर्षांची पोरं नाही म्हणू शकत नव्हती.

मग प्रसंगांनी बाजू घेतली. जुलै १९५३ मध्ये डॉन झिमर हा तरुण कोलंबसमधल्या मायनर लीग सामन्यात उघड्या डोक्यानं खेळताना चेंडू लागून कोसळला आणि जवळपास दोन आठवडे बेशुद्ध राहिला. वर्षभरानं, ३१ जुलै १९५४ रोजी, मिलवॉकीच्या जो ॲडकॉकनं एकाच सामन्यात चार होमरन मारले. दुसऱ्याच दिवशी ब्रुकलिनच्या क्लेम लबाइनचा चेंडू त्याच्या डोक्यावर बसला. ॲडकॉकच्या डोक्यावर हेल्मेट होतं. हेल्मेटला पोचा पडला, ॲडकॉक वाचला. नॅशनल लीगनं १९५६ मध्ये आणि अमेरिकन लीगनं १९५८ मध्ये फलंदाजांना शिरोरक्षण सक्तीचं केलं. आतल्या पट्ट्या तेव्हाही चालत. पुरतं हेल्मेट १९७१ मध्ये सक्तीचं झालं, तेही जुन्या खेळाडूंना सूट देऊन. त्या सवलतीतला शेवटचा, बॉस्टनचा बॉब माँटगोमेरी, १९७९ पर्यंत हेल्मेटशिवाय खेळला. कानावरची पाळ सक्तीची व्हायला १९८३ उजाडलं.

इथं आपल्या खेळाचा विचार आल्यावाचून राहत नाही. १७ मार्च १९६२ रोजी, म्हणजे नॅशनल लीगच्या नियमानंतर सहा वर्षांनी, बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या उघड्या डोक्याला लागला. कवटी फुटली. फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच बेटावर, १७ मार्चलाच, पण १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप कसोटीत हेल्मेट घालून उतरला. तसं करणारा तो पहिला फलंदाज, आणि त्याला प्रेक्षकांची हुर्यो ऐकावी लागली. बेसबॉलमध्ये सिद्ध झालेली गोष्ट क्रिकेटमध्ये पोचायला दोन तपं लागली, कारण लाज दोन्ही खेळांत सारखीच होती.

रिकींच्या फर्मानाचा जो भाग पायरेट्सनी काही आठवड्यांत सोडून दिला, त्यातही तथ्य होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या क्लब सामन्यात भारताचा रमण लांबा फलंदाजाजवळ शॉर्ट लेगला उभा राहिला. षटकाचे तीन चेंडू उरले होते, तेवढ्यासाठी हेल्मेट कशाला मागवायचं म्हणून त्यानं ते घातलं नाही. फटका डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला.

मैदानांवर पोरांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना म्हणून एक विनंती. शॉर्ट लेग, सिली पॉइंट आणि यष्टींना भिडून उभा राहणारा कीपर, यांच्या हेल्मेटचा निर्णय त्या मुलांवर सोडू नका. बारा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर कधीच स्वतःहून मागणार नाही. तुम्ही हुकूम सोडा, आणि हेल्मेट डोक्यावर चढेपर्यंत पुढचा चेंडू टाकू देऊ नका.