डिफची साक्ष कितपत मानावी?

कोल्हापुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या किंवा इथल्या छोट्यामोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्या मुलामुलींमध्ये वाद निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भांडताय कशाला? डिफ बघा की. कुणी काय बदललं ते तिथं दिसतंयच." लाल ओळ म्हणजे काढलेली, हिरवी ओळ म्हणजे घातलेली. एवढं दिसलं की विषय संपतो. हा समज शिकवणाऱ्यांचाही आहे आणि कामाचा ताळा घेणाऱ्या वरिष्ठांचाही. तो चुकीचा आहे, आणि चुकीमुळे नुकसान होतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. माणूस विसरतो, चूक झाकतो, आपण न केलेल्या कामाचं श्रेय घेतो. यंत्राला यातलं काही करायचं नसतं. फाइलीची कालची आवृत्ती आणि आजची आवृत्ती दोन्ही त्याच्याजवळ आहेत, आणि त्यांतला फरक ते अक्षरशः मोजतं. तेव्हा डिफ ही घडलेल्या बदलाची निःपक्षपाती नोंद आहे. या म्हणण्यातला निःपक्षपातीपणा मला पूर्ण मान्य आहे. अडचण 'नोंद' या शब्दाशी आहे.

फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट बदलाची नोंद ठेवतच नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं तेव्हापासून त्याची रचना अशी आहे, की प्रत्येक कमिट त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींची पूर्ण अवस्था दाखवते. आपण डिफ मागतो तेव्हा दोन अवस्था समोर ठेवून फरक त्याच क्षणी काढला जातो. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर दोन आवृत्त्या हे प्रत्यक्ष आहे आणि डिफ हे अनुमान आहे.

यावर जाणकार आक्षेप घेतील की गिटच्या पॅकफाइलीत डेल्टा असतात, म्हणजे फरकच साठवलेला असतो. तो डेल्टा जागा वाचवण्यासाठी असतो. कोणत्या दोन आवृत्त्यांची जोडी लावायची हे नाव आणि आकार पाहून ठरतं. त्या दोन आवृत्त्या इतिहासात लगतच्या असतीलच असं नाही. आणि आपल्याला दिसणारा डिफ त्या डेल्टातून येत नाही, तो स्वतंत्रपणे काढला जातो. गैरसमजाचं मूळ जुन्या पद्धतींत आहे. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेली एससीसीएस आणि १९८२ मध्ये वॉल्टर टिकी यांनी मांडलेली आरसीएस खरोखर फरक साठवत असत. आरसीएसमध्ये शेवटची आवृत्ती पूर्ण आणि मागच्या आवृत्त्या उलट्या फरकांच्या रूपात असत. पण तिथेही फरक काढणारा माणूस नव्हता, प्रोग्रामच होता. म्हणजे साठवलेलं होतं तेही अनुमानच.

अनुमान म्हटलं की ते कशावरून काढलं हे विचारावं लागतं. जेम्स हंट आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये डिफची रीत लिहून काढली. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने सापडणाऱ्या ओळींची शक्य तितकी लांब मालिका शोधायची आणि उरलेलं काढलं-घातलं म्हणून दाखवायचं, ही तिची कल्पना. गिट आज सहसा वापरतं ती रीत यूजीन मायर्स यांच्या १९८६ च्या निबंधातली आहे. ती कमीत कमी काढ-घाल शोधते. पण माणूस कमीत कमी काढ-घाल करून काम करतो, हे कुणी ठरवलं?

एका खानावळीच्या यादीच्या फाइलीत दोनच ओळी आहेत असं धरा: वर तांबडा रस्सा, खाली पांढरा रस्सा. उद्याच्या आवृत्तीत पांढरा वर आला, तांबडा खाली गेला. काय झालं? तांबड्याची ओळ काढून खाली घातली, असं म्हणता येतं. पांढऱ्याची ओळ काढून वर घातली, असंही म्हणता येतं. दोन्हींत एक ओळ काढली आणि एक घातली, म्हणजे हिशेब सारखाच. डिफ यांतलं एक उत्तर स्वतःच्या नियमाने निवडतो आणि तेवढंच दाखवतो. ज्याने बदल केला त्याने कदाचित दोन्ही ओळी पुसून यादी नव्याने लिहिली असेल. गिटमध्ये मायर्सखेरीज पेशन्स आणि हिस्टोग्राम याही रीती आहेत, आणि त्याच दोन फाइलींवर त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. फाइलीचं नाव बदललं, हीसुद्धा गिटकडे नोंद नसते. जुनी नाहीशी झालेली आणि नवी आलेली फाइल निम्म्याहून अधिक सारखी दिसली, तर गिट नामांतर झालं असं गृहीत धरतं.

मराठी मजकुराच्या बाबतीत हे अनुमान आणखी आंधळं होतं. डिफचं एकक ओळ आहे, आणि आपण गद्य लिहितो तेव्हा फाइलीत बहुधा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. एक अनुस्वार सुधारला की पूर्ण परिच्छेद लाल आणि पूर्ण परिच्छेद हिरवा. शब्दवार फरक मागता येतो, पण ते मागायला हवं हे किती जणांना माहीत असतं? आणि 'ऱ' घ्या. तो युनिकोडमध्ये एकाच संकेताने लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर 'तऱ्हा' दोन्ही वेळा तीच. डिफला मात्र त्या वेगळ्या ओळी. तो अक्षरं वाचत नाही, त्यांमागचे बाइट जुळवतो. ज्या सहकाऱ्याच्या कीबोर्डने फक्त संकेत बदलला, त्याचं नाव 'ब्लेम' या आज्ञेत त्या परिच्छेदाचा शेवटचा कर्ता म्हणून येतं. अशा नावावरून कुणाला जाब विचारणं हा अन्याय आहे, आणि तो होताना मी पाहिला आहे.

पाठचिकित्सा करणाऱ्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. याच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात, डॉ. आ. ने. उपाध्ये १९३० पासून तीन दशकं अर्धमागधी शिकवत होते. उद्द्योतनसूरींनी इ.स. ७७९ मध्ये जालोरला पूर्ण केलेली 'कुवलयमाला' त्यांनी संपादित केली. मराठी माणसांचा आणि त्यांच्या बोलीचा जुना उल्लेख म्हणून आपण जिचं नाव घेतो, तीच ही. हाताशी मुख्य प्रती दोन: पुण्याची कागदी आणि जैसलमेरची ताडपत्री. एका प्रतीत ओळ आहे, दुसरीत नाही, अशा जागी दोन शक्यता असतात. ती मागाहून कुणी घातली असेल, किंवा लेखनिकाच्या हातून गळाली असेल. तुलना दोन्ही वेळा तेच दाखवते. निर्णय संपादकाला छंद, व्याकरण, संदर्भ आणि लेखनिकाच्या सवयी पाहून करावा लागतो, आणि नाकारलेला पाठ तळटीपेत छापावा लागतो, म्हणजे वाचकाला तो निर्णय तपासता येतो.

इथे गिटचा पक्ष बळकट आहे. दोन ब्रांच एकत्र करताना त्याच्याजवळ दोघांची समान पूर्वज कमिट असते. तिच्यात ती ओळ आहे का हे पाहिलं की काढली की घातली याचा निवाडा होतो. पोथीच्या संपादकाला असा पूर्वज क्वचितच लाभतो. मग तीन प्रती जुळवून कॉन्फ्लिक्ट न येता मर्ज झालं, म्हणजे सगळं ठीक, असं पूर्वपक्षी म्हणेल.

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना मी एक उदाहरण देतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतात. समजा, पूर-सूचनेच्या एखाद्या प्रोग्रामच्या फाइलीत ते वरच्या बाजूला लिहिले आहेत. एकीने आपल्या ब्रांचवर सगळी मापं मीटरमध्ये नेली: ११.९ आणि १३.१. दुसऱ्याने त्याच काळात, जुन्या फुटांच्या भरवशावर, फाइलीच्या तळाशी नवा नियम घातला: पातळी ४० च्या वर गेली की नदीकाठच्या गल्ल्यांना संदेश पाठवा. दोघांच्या ओळी एकमेकींपासून दूर आहेत. मर्ज बिनतक्रार होतं, दोन्ही डिफ वेगवेगळे वाचले तर निर्दोष आहेत. आणि आता तो प्रोग्राम नदी ४० मीटर चढण्याची वाट पाहत बसेल.

म्हणून डिफ टाकून द्या, असं मी म्हणत नाही. तो रोज वापरावा, पण अनुमानाला जेवढं मानायचं तेवढंच त्याला मानावं. संशय आला की रीत बदलून पाहावं, दोन्ही फाइली अखंड वाचाव्यात, आणि बदल का केला हे बदलणाऱ्याने लिहिलं आहे का ते पाहावं. हे 'का' कोणत्याही तुलनेतून निघत नाही.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अखेरच्या ओव्यांत त्यांनी काळ सांगितला, पाठांतरांमुळे ग्रंथ अबद्ध झाला होता हे कारण सांगितलं, आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये अशी ताकीद दिली. कुठल्या ओव्यांना हात लावला, ती यादी मात्र दिली नाही, आणि अभ्यासक त्यावर आजही वाद घालतात. आपली स्थिती बरोबर उलटी आहे. दोन्ही अवस्था आपल्याजवळ बाइटगणिक सुरक्षित आहेत, आणि कारणाच्या जागी आपण 'अपडेट' एवढंच लिहितो.

तेव्हा कमिट करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: संदेशात कारण लिहा, इंग्रजी अडत असेल तर मराठीत लिहा. गिट तो संदेश यूटीएफ-८ मध्ये ठेवतं, आणि देवनागरी त्यात जशीच्या तशी राहते.