इन्सुलिन पेशीतून बाहेर कसे पडते?

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. हे इन्सुलिन आधीच तयार होऊन सूक्ष्म पुटिकांमध्ये साठवलेले असते. ते सोडण्यासाठी पेशीला इशारा मिळावा लागतो.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचे ज्वलन झाले की एटीपी या ऊर्जावाहक रेणूंचे प्रमाण वाढते. त्यामुळे पेशीपटलावरील पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात. पोटॅशियम बाहेर जाणे थांबल्याने पटलावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम आत येते. मग पुटिका पटलाशी जुळून इन्सुलिन रक्तात जाते. चेतापेशींच्या टोकाशी चेतापारेषकेही कॅल्शियमच्याच इशाऱ्यावर सुटतात. मात्र तेथे हे काम मिलिसेकंदाच्या आसपास उरकते.

काही बालकांना पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांतील अनेकांमध्ये जनुकीय दोषामुळे पोटॅशियमची वाहिनी नीट बंद होत नाही. इन्सुलिन असूनही ते बाहेर पडत नाही. या वाहिनीच्या जनुकातील दोष २००४ मध्ये उघडकीस आला. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या ही वाहिनी थेट बंद करतात. त्यामुळे अशा बहुतेक बालकांची इंजेक्शने डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून गोळ्यांवर भागते. म्हणूनच इतक्या लहान वयात मधुमेह आढळल्यास जनुकीय तपासणी करून घेणे महत्त्वाचे ठरते.