गोळी कुटावी की नाही?

आजीला गोळी गिळता येत नाही? मग दोन चमच्यांमध्ये दाबून पूड करा आणि मधातून चाटवा. आपल्या घरांत यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. वाटणार तरी कसं? वैद्याची मात्रा खलात घोटली जायची, बाळगुटी सहाणेवर उगाळली जायची, आणि मग मध-तुपाच्या अनुपानाबरोबर पोटात जायची. औषध बारीक करणं हा ते देण्याचाच भाग होता. मग आज डॉक्टर ‘ही गोळी कुटू नका’ असं का सांगतात?

साच्यात दाबलेली गोळी तशी अलीकडची. विल्यम ब्रॉकडन हा इंग्रज चित्रकार पेन्सिलींसाठी ग्रॅफाइटची पूड साच्यात दाबून घट्ट करायच्या खटपटीत होता. १८४३ साली त्याने या तंत्राचं पेटंट घेतलं, त्यात ग्रॅफाइटबरोबर औषधी गोळ्याही होत्या. ही गोळी म्हणजे नुसती दाबलेली पूड. कुटली की परत पूड, बस्स.

मग गोळीला अंगरखा आला. १८८४ साली हॅम्बर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना याने गोळ्यांवर केरॅटिनचा लेप दिला. हेतू हा, की औषध जठरातल्या आम्लात न विरघळता पुढे आतड्यात जाऊन विरघळावं. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘स्पॅन्स्यूल’ आलं. या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे होते आणि त्यांच्यावरचा लेप कमी-जास्त जाडीचा होता. काही दाणे लगेच विरघळायचे, काही तासाभराने, काही त्याहून उशिरा. आता गोळीत औषधाबरोबर वेळही भरलेली होती. ती कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

याची भयंकर बाजू अमेरिकेने पाहिली. १९९६ मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन ही बारा तास पुरणारी अफूवर्गीय वेदनाशामक गोळी. ती कुटली की सगळं औषध एकदम मोकळं होतं, हे लोकांना लवकरच कळलं. नशेसाठी ती कुटून ओढली गेली, टोचली गेली. २०१० मध्ये कंपनीने सहज कुटता येणार नाही अशी गोळी आणली. तोवर फार उशीर झाला होता.

आपल्या घरात धोका नशेचा नसतो, मायेचा असतो. रक्तदाबाची लांब पल्ल्याची गोळी प्रेमाने कुटून दिली, तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. आईबाबांशी फोनवर बोलताना पाकिटावरचं नाव वाचून घ्या. पुढे एसआर, ईआर, एक्सआर असं काही असेल तर थांबा. अक्षरं नसली म्हणजे गोळी साधीच, असंही नाही. काही कॅप्सूल उघडून दाणे मऊ खाण्यावर टाकता येतात, पण ते चावायचे नसतात. काही तर उघडायच्याच नसतात. म्हणून आधी फार्मासिस्टला विचारा. त्याच औषधाचं पातळ रूपही अनेकदा मिळतं.

खल-बत्ता चुकीचा नव्हता. त्याच्यात पडणारी गोळी बदलली.