दास्य कोणाचे?

आपल्याकडे नम्रता हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मोठ्यांपुढे मान लववली, ‘आपण म्हणाल तसे’ म्हटले, की माणूस नम्र ठरतो. ख्रिस्ती सेवाधर्माच्या इतिहासात मात्र या गुणाला कडक शिस्त आहे, आणि त्या शिस्तीतूनच एक बिकट प्रश्न उभा राहिला आहे. सेवकाने आपली इच्छा रोज सोडावी हे मान्य; पण ती कोणाच्या पायाशी सोडावी? देवाच्या, की देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाच्या? या प्रश्नाचा एक मोठा खटला पुणे आणि इंग्लंड यांच्या दरम्यान लढला गेला, म्हणून त्याचा येथे विचार करू.

ही शिस्त पुष्कळ जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट याने मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. स्वतःच्या इच्छेवर प्रेम न करणे आणि वरिष्ठाची आज्ञा पाळणे या त्यांतल्या पहिल्या पायऱ्यांपैकी होत. पण हा शास्ता केवळ उपदेश करून थांबला नाही. स्वयंपाकघराचे काम आठवड्याच्या पाळीने करावे आणि पाळी संपताना सर्वांचे पाय धुवावेत, असे त्याने ठरवून दिले. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही नित्याची आठवण. शिवाय महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांना बोलावून विचारावे, कारण पुष्कळदा देव धाकट्याच्या तोंडून बोलतो, हेही त्याने लिहून ठेवले. म्हणजे आज्ञा पाळणारा बांधलेला, तसा आज्ञा देणाराही बांधलेलाच. पुढील शतकांत पहिला अर्धा भाग मोठ्या आवाजात वाचला गेला आणि दुसरा पुष्कळदा विसरला गेला.

इंग्लंडमधील वाँटेज येथे १८४८ साली स्थापन झालेला भगिनीसंघ याच आज्ञापालनाच्या परंपरेतला. या संघाच्या भगिनी पुण्यात पंचहौद येथे काम करीत होत्या. १८८३ साली पंडिता रमाबाई त्यांच्या आश्रयाने विलायतेस गेल्या. संस्कृत विद्येसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविलेली ही पंचविशीतील विधवा. आईबाप, बहीण, भाऊ आणि पती यांना गमावून लहानग्या मुलीसह निघालेली. वैद्यक शिकण्याचा मनोदय होता. पण कानांना कमी ऐकू येत असल्याने तो सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

यानंतर खरा झगडा सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचे मतसूत्र, यांवर रमाबाई एकेक शंका काढू लागल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यात हट्ट आणि अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवले ते असे, की एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवून ठेवले ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे. सिस्टर जेराल्डीन यांना दुष्ट ठरवून आपण मोकळे होऊ नये. त्यांनी स्वतःचे आयुष्य आज्ञापालनास वाहिले होते; आपण दिले ते शिष्येनेही द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. पण जे स्वतःहून वाहायचे, ते दुसऱ्याकडून मागून घेता येत नाही.

मग रमाबाई अहंकारी होत्या काय? याचे उत्तर पत्रव्यवहारात शोधून मिळणार नाही. ते त्यांच्या पुढील तीस वर्षांच्या दिनक्रमात शोधले पाहिजे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडे उरलेल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. इतक्यांसाठी विहिरी खोदणे, धान्य मिळवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्या बायकांना वाचन शिकवणे. पंडितेची विद्वत्ता या कामांत मुरून गेली. त्याच काळात, १८९७ साली, पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते त्यांविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहिले; ते सरकारला झोंबले. दुष्काळातल्या पोरीपुढे वाकणारी मान अधिकाऱ्यापुढे वाकली नाही.

शेवटचे उदाहरण बायबलच्या भाषांतराचे. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या ग्रंथाचे मराठी करीत राहिल्या. ज्यांची जीभ संस्कृतात घडली होती, त्यांनी खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईस कळेल अशी साधी मराठी लिहिण्याचे ठरवले. भाषेचा डौल सोडणे हे विद्वानाला अन्न सोडण्याहून अवघड असते. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच अक्षरे जुळवीत होत्या. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर पुरे झाले होते; ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

आक्षेप आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता राखण्याचे वचन होते. ते मोडले गेले असे मानून १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या स्त्रीने आपल्या शंकांना मोकळे आकाश मागितले, तिच्या छत्राखालच्या निराधार मुलींना तेवढे आकाश मिळाले काय, हा प्रश्न न्यायाचा आहे. अन्न देणाऱ्याचा शब्द भुकेल्याला नेहमीच जड वाटतो. बेनेडिक्टने आज्ञा देणाऱ्याला बांधून ठेवले ते याचसाठी.

तरीही या खटल्यातून एक कसोटी हाती लागते. नम्रता मोजायची ती वरिष्ठापुढे माणूस किती वाकला यावरून नव्हे. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, स्तुती होणार नाही, त्याच्यासाठी त्याने आपली विद्या, आपला वेळ आणि आपला बेत रोज किती बाजूला ठेवला, यावरून ती मोजावी. वरच्यापुढे वाकणे पुष्कळदा भीतीचे असते, लाभाचेही असते. खालच्यासाठी वाकणे मात्र राजीखुशीचेच असावे लागते. आपल्या सार्वजनिक संस्थांत आज्ञाधारक माणसे पुष्कळ सापडतात. पाळी आली की पाय धुवायला बसणारी किती, याची मोजदाद ज्याने त्याने आपल्या संस्थेत करावी.