टोपलीवर चाललेले घर

निराधार वृद्धांसाठी गृहे स्थापणे हे ख्रिस्ती धर्मसंस्थेचे फार जुने कार्य आहे. सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या कायद्यांत अशा गृहांचा स्वतंत्र उल्लेख आढळतो, आणि मध्ययुगीन युरोपात राजांनी, सरदारांनी व बिशपांनी लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली, चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या, पुष्कळ मठ उठले, आणि ज्या उत्पन्नावर गरिबांची ही घरे उभी होती तेच नाहीसे झाले. एकोणिसाव्या शतकात वृद्धसेवेची जी नवी परंपरा तेथे सुरू झाली, तिचा प्रारंभ बिशपाच्या आज्ञेने किंवा एखाद्या धनिकाच्या दानपत्राने झाला नाही, तर ब्रिटनी प्रांतातील एका मोलकरणीच्या बिछान्यापासून झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

झान ज्युगां हिचा जन्म १७९२ साली कांकाल या कोळ्यांच्या गावी झाला. ती लहान असतानाच बाप समुद्रावर गेला तो परतला नाही. सोळाव्या वर्षी ती एका सरदारघराण्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पुढे सां-सेर्व्हां या बंदराच्या गावी प्रथम रुग्णालयात, नंतर एका अविवाहित बाईंच्या घरी व त्यांच्या निधनानंतर लोकांची धुणी धुऊन तिने उदरनिर्वाह केला. दर्यावर्दी लोकांच्या त्या गावी विधवांना तोटा नव्हता, आणि हातपाय थकलेल्या विधवेला भिक्षेवाचून दुसरा आधार नव्हता. १८३९ च्या हिवाळ्यात आन शोव्हँ नावाच्या एका अंध व अर्धांगाने लुळ्या पडलेल्या वृद्धेला झानने आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडी आणले, तिला स्वतःचा बिछाना दिला आणि आपण माळ्यावर निजू लागली. तेव्हा झानचे वय सत्तेचाळीस होते. दोन वर्षांत जागा अपुरी पडली, म्हणून पूर्वी जेथे दारूचा गुत्ता होता अशी तळमजल्याची एक जागा भाड्याने घेऊन तेथे बारा वृद्धांची सोय करण्यात आली.

त्या बाराजणींना पोसायचे कशावर, हा प्रश्न लगेच उभा राहिला. ज्या अंगमेहनत करू शकत त्या सूत कातीत, लोकर पिंजीत, परंतु तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. शिवाय ज्यांचा जन्म दारोदार हिंडण्यात गेला होता त्यांतल्या काहीजणी पुन्हा रस्त्यावर जात, व मिळालेले पैसे कधीकधी दारूत घालवीत. यावर झानने जी तोड काढली तिच्यातच पुढच्या साऱ्या संस्थेचे बीज आहे. तुम्हांला भिक्षा कोण कोण घालते, त्यांची नावे व घरे मला सांगा, असे तिने त्या बायकांना विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून टोपली हाती घेऊन त्यांच्याऐवजी स्वतः त्या दारांत उभी राहू लागली. पैसे, उरलेसुरले अन्न, जुने कपडे, जे मिळेल ते ती टोपलीत घेई. आपल्याकडच्या माधुकरीत विद्यार्थी स्वतःच्या पोटासाठी दारी जाई. येथे एका स्वाभिमानी कष्टकरी स्त्रीने दुसऱ्यांच्या वाट्याची लाज आपल्या शिरावर घेतली होती, आणि ही लाज तिला अखेरपर्यंत सोपी गेली नाही.

कामाला रूप येऊ लागले तसा धर्मसंस्थेचा हात त्यावर आला, आणि त्या हाताने दिले व घेतले अशा दोन्ही गोष्टी केल्या. १८४३ च्या डिसेंबरात, या कामात तिला येऊन मिळालेल्या भगिनींनी झानला पुन्हा प्रमुख निवडले असता, काही दिवसांतच स्थानिक धर्मगुरू ल पायर यांनी ती निवड रद्द करून मारी जामे या अवघ्या तेवीस वर्षांच्या तरुणीची नेमणूक केली. झान भिक्षेची टोपली घेऊन गावोगाव फिरतच राहिली. गावातील प्रतिष्ठितांनी सह्या करून तिच्या कार्याचा एक महजर पॅरिसला धाडला, व १८४५ साली फ्रेंच अकादमीने तिला मोंतियों पारितोषिक व तीन हजार फ्रँक दिले. १८५२ मध्ये रेनच्या बिशपांनी 'गरिबांच्या छोट्या भगिनी' या संघाला मान्यता दिली. त्याच वर्षी झानला संघाच्या मातृगृही, म्हणजे मुख्य मठात, बोलावून घेऊन देणगीदारांशी संबंध ठेवण्याची मनाई करण्यात आली. पुढील सत्तावीस वर्षे ती नवशिक्या भगिनींमध्ये एक सामान्य वृद्धा म्हणून राहिली. संघाचे संस्थापक ल पायर आहेत, असेच त्या मुलींना शिकविले जात होते. हा अन्याय होता, असे म्हणताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

या सत्तावीस वर्षांत एकदा मात्र तिला विचारावे लागले. १८६५ साली संघाला कायमच्या उत्पन्नाची देणगी येऊ घातली होती. ती घेतली असती तर दररोजची विवंचना मिटली असती. सल्लागार मंडळाने झानला बोलावले. आपण दैवावर भरवसा ठेवून रोज मागून आणावे, कायमचे उत्पन्न घेऊ नये, असे तिचे मत पडले व तसाच ठराव झाला. त्या दस्तऐवजावर तिचीही सही घेण्यात आली. जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी घरे जमिनीबरोबर बुडालेली ज्या देशाने पाहिली होती, त्या देशातल्या या निर्णयाकडे केवळ भाबडी श्रद्धा म्हणून पाहता येत नाही.

ऑगस्ट १८७९ मध्ये ती निवर्तली तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या. तीन वर्षांनी, १८८२ साली, त्यांचे पहिले भारतीय वृद्धगृह कलकत्त्यास निघाले. १८९० साली ल पायर यांना रोमला बोलावून घेण्यात आले, आणि त्यानंतर संस्थापिका म्हणून झानचे नाव हळूहळू संघाच्या दप्तरी परत आले. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद दिले.